बिनमताची पोरं

"सोनियाला आज घराबाहेर सोडू नगं," शर्टाची बटणं लावता लावता इंद्रजित म्हणाला. "ती सभेला आली की माझी शोभा झालीच म्हणून समज."

माया आरशासमोर उभी राहून पदराला पिन लावत होती. पंधरा ऑगस्ट होता. आधी शाळेत झेंडा, मग समाजमंदिरात ग्रामसभा. झेंड्याची दोरी तिलाच ओढायची होती, कारण चिंचमाळची सरपंच ती होती. गावातल्या बाकी सगळ्या दोऱ्या तिच्या नवऱ्याच्या हातात होत्या. आधीची पाच वर्षं इंद्रजित सरपंच होता. मागच्या खेपेला जागा बायकांसाठी राखीव निघाली, तसा त्याने मायाचा अर्ज भरला. निवडून ती आली आणि गुलालात तो न्हाला. मिरवणुकीच्या वेळी ती घरीच होती, आल्यागेल्याला चहा करत.

"आवं, पोरीला काय दावं लावू का मी?"

"तुझंच ऐकती ती. बापाला तर मोजत न्हाई."

तेवढं खरं होतं. सोनिया इंद्रजितच्या धाकट्या भावाची, दिग्विजयची पोरगी. तिची आई गेली तेव्हा ती नीट चालतही नव्हती. मायाने तिला कडेवर घेतलं ते घेतलंच. पोरगी तिला मोठ्याई म्हणायची. आता सतरा वर्षांची होती, तालुक्याच्या कॉलेजात बारावीला होती, आणि गेल्या चार महिन्यांत घरातल्या कुणाशीही धड बोलत नव्हती.

भांडण एसटीचं होतं. चैत्रात डेपोने चिंचमाळची सकाळची गाडी बंद केली. माणसं मिळत नाहीत, असं कारण दिलं. माणसं कशी मिळणार? एसटी यायच्या जरा आधी वडापची खासगी जीप देवळापुढून माणसं भरून फाट्याकडे निघालेली असायची. आणि गावात वडापच्या जीपा दोनच होत्या. दोन्ही याच घरच्या. एक दिग्विजय चालवायचा, दुसरीवर पगारी ड्रायव्हर होता. एसटी बंद झाल्यापासून कॉलेजची सगळी पोरंपोरी त्याच दोन गाड्यांतून जायची. पोरं मागं लोंबकळायची, पोरी आत चेपून बसायच्या. डेपोत चौकशी केली तर साहेबांनी सांगितलं, ग्रामसभेचा ठराव आणा, बघू. तो ठराव सभेच्या विषयांत येणार नाही, याची तजवीज इंद्रजितने कधीच केली होती.

स्वयंपाकघरात सगळे न्याहारीला बसले होते. सासरे नानासो फौजेतली पदकं छातीला लावून, ताठ बसून चहा पीत होते. सासूबाई, धोंडुबाई, प्रत्येकाच्या ताटलीत पोहे वाढत होत्या. सोनिया कॉलेजचा गणवेश घालून दारालाच टेकून उभी होती.

"मोठ्याई, आज सभेत एसटीचा इषय हाय का न्हाई?" तिने विचारलं मायाला, बघत होती मात्र इंद्रजितकडे.

"न्हाई," इंद्रजित म्हणाला.

"मी मोठ्याईला इचारलं, आप्पा. सरपंच ती हाय."

धोंडुबाईंनी पोह्याचं पातेलं दाणकन खाली ठेवलं. "ज्या गाडीवर तुजा बाप पोट भरतो, तिच्याच चाकातली हवा काढाय निघालीस व्हय गं? कुणी शिकीवलं हे?"

"आज्जी, रेणू कॉलेजला का येत न्हाई, ठावं हाय तुला?"

रेणू तिची मैत्रीण. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या दोघी.

"तिचं लगीन ठरलंय," दिग्विजय म्हणाला. "इस्लामपूरचं स्थळ हाय, नोकरदार. दादानंच जुळवून दिलं. नशीब काढलं पोरीनं."

"सतरा वर्साची हाय ती, पप्पा."

"मग मोठी झाली की," धोंडुबाई म्हणाल्या. "माझं तर तेराव्याला झालं."

"व्हय, लग्नाला मोठी. सभेत त्वांड उघडलं की मात्र ल्हान!" सोनियाचा आवाज चिरकला. ती चपला पायात सरकवून निघून गेली. माया हाक मारायला उठली आणि दारापर्यंत जाऊन थांबली. हाक मारून सांगणार काय होती? घरात बस म्हणून?

नानासोंनी कप खाली ठेवला. कुणाकडेही न बघता म्हणाले, "पोरीनं पोहं खाल्लं न्हाईत."

झेंडा झाला. सभा भरली. पुरुष खुर्च्यांवर, बाया मागच्या बाजूला सतरंजीवर. पुढं टेबलामागं मायाची खुर्ची, तिच्या एका बाजूला ग्रामसेवक भाऊसाहेब आणि दुसऱ्या बाजूला, कसलंच पद नसताना, इंद्रजित. भाऊसाहेब मागचं इतिवृत्त वाचत होते. गटार, दिवाबत्ती, पाण्याची टाकी. माया मान हलवत होती. दोन वर्षं ती अशीच मान हलवत आली होती.

वाचन संपत आलं तशी दारात सावली पडली. झेंड्यावरून तशीच आलेली अकरावी-बारावीची पोरंपोरी उंबऱ्यात, पायरीवर, पार रस्त्यापर्यंत उभी होती. पुढं सोनिया, तिच्यामागं तिच्या वर्गातले शिवतेज आणि वीरधवल.

"भाऊसाहेब, ऐनवेळच्या इषयात आमचा एक इषय घ्या," सोनिया म्हणाली. "सकाळची एसटी परत चालू करायचा ठराव."

खुर्च्या करकरल्या. भाऊसाहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "बाळ, ग्रामसभेचा सभासद म्हणजे ज्याचं मतदार यादीत नाव आहे तो. अठरा पूर्ण पाहिजेत. तुमच्यापैकी कुणाचं नाव नाही. नियम काही मी केलेला नाही."

"ऐकलंस न्हवं?" इंद्रजित हसत म्हणाला. सभेत तो नेहमीच हसत बोलायचा. "फेब्रुवारीत अठरा पुरं झालं की ये. खुर्ची टाकून देतो बसायला."

"फेब्रुवारीत माझी बारावीची परीक्षा हाय, आप्पा. तवर कॉलेज कसं गाठू, ते सांगा."

बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्या खुर्चीवरचे लालासाहेब पंचायतीचे जुने सदस्य, इंद्रजितचा उजवा हात. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "आता काय, उद्या पाळण्यातली बी मत मागत्याल! दुधाच्या बाटलीवर शिक्का मारून द्या!"

पुरुष खदाखदा हसले. सोनियाचे कान लाल झालेले मायाला तिथूनही दिसले. पोरगी आता रडणार, असं तिला वाटलं. पण सोनिया उंबरा ओलांडून आत आली.

"इलेक्शनच्या येळंला आमाला पहाटं उठवून गावभर फिरवलं. हातात पाट्या दिल्या. 'मतदान करा, लोकशाही वाचवा' म्हणून आमचाच घसा फोडून घेतला. शाळेत आमच्याकडनं पत्रं लिहून घेतली, आईबाबा मत द्या म्हणून. तवा आमी ल्हान नव्हतो का, लालातात्या? तुमाला जागं करायला आमी चालतो. आन आमी काय मागितलं की आमी पाळण्यातली?"

"बरोबर हाय!" पायरीवरून शिवतेज ओरडला.

"ए, गप!" इंद्रजित ओरडला. त्याचं हसू गेलं होतं. "पोराटकीच्या नादानं सभा चालत नसती. भाऊसाहेब, सभा संपली म्हणून जाहीर करा."

"थांबा," मागून आवाज आला. नानासो उठून उभे राहिले होते. काठी न टेकता. त्यांना सभेत बोलताना गावाने कधी ऐकलं नव्हतं.

"एकाहत्तर सालची गोष्ट सांगतो. मी एकोणीस वर्साचा, फौजेत हुतो. मार्चात देशाचं मतदान झालं. मला म्हणले, तुला मत न्हाई, तू ल्हान. एकवीस लागत हुतं तवा. त्याच साली डिसेंबरात लढाई झाली, आन मला खंदकात बसवलं. माझ्या शेजारचा पोरगा, अठरा वर्साचा, खटावकडचा, त्यो तिथंच गेला. त्याला गोळी लागताना कुणी वय इचारलं न्हाई. पुढं मत अठराला केलं. तवा बी लोक असंच हसलं हुतं, की पोरांच्या हातात राज्य दिलं, देश बुडणार. बुडला का? आता ही सोळा-सतराची म्हणत्यात, आमचं बी ऐका. निदान गावच्या सभेत, निदान त्यांच्याच गाडीपुरतं. त्यात हसण्यासारखं काय हाय, ते मला फौजेतल्या मानसाला समजंना."

कुणी हसलं नाही. इंद्रजितने बापाकडे असं पाहिलं, जणू म्हाताऱ्याने भर चौकात त्याचा फेटा उडवला. मायाच्या मनात आलं, या घरात आजवर इंद्रजितच्या समोर कुणी उभं राहिलं नव्हतं. आणि आज एका दिवसात दोघं उभी राहिली, एक सतराचं आणि एक सत्तरीपलीकडचं. मधल्या वयाची आपण तेवढी बसलोय.

"आता इषय निघालाच हाय तर सगळं सांगते," सोनिया म्हणाली. आता ती सभेकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. "रेणूला इचारून सांगते. तिनंच सांग म्हटलंय. वडापात एक मानूस तिच्या अंगाला हात लावायचा. एकदा न्हवं, रोज. गाडी एवढी भरलेली, की हलायला जागा न्हाई, उतरायला वाट न्हाई. तिनं घरी सांगितलं. घरच्यांनी काय केलं? तिचं कॉलेज बंद केलं, आन लगीन ठरवलं. ज्यानं हात लावला, त्यो अजून त्याच गाडीतनं रोज फिरतोय."

रेणूचा बाप मधल्या रांगेत बसला होता. त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"कुणाची गाडी?" दिग्विजय उठला होता. "कुणाच्या गाडीत, ते सांग!"

"तुमच्या, पप्पा."

दिग्विजय खुर्च्या ढकलत पुढं निघाला. "भर सभेत बापाची अब्रू काढतीस? थांब, तुला..." त्याचा हात उगारलेला होता. पोरगी जागची हलली नाही. डोळे मात्र तिने मिटून घेतले.

ते मिटलेले डोळे बघितले आणि मायाच्या आत काहीतरी पेटलं. ती उभी राहिली, खुर्ची मागं पडली.

"दिग्विजय! हात खाली!"

तिचा असा आवाज नवऱ्यानेही कधी ऐकला नव्हता. दिग्विजय थबकला.

"पोरगी म्हणती, तुमच्या गाडीत मानूस हात टाकतोय. तुमी हात उगारताय कुणावर? तिच्यावर? त्या मानसाचं नाव तरी इचारलं का?"

"माया, खाली बस," इंद्रजित दातओठ आवळून म्हणाला.

"सभेची अध्यक्ष मी हाय. तुमी कोण हाय, ते भाऊसाहेबांस्नी सांगू द्या." तिने भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते कागद सारखे करायला लागले. "सांगा की! यांचं या टेबलामागं काय काम?"

"तसं... पद म्हणून... काही नाही," भाऊसाहेब पुटपुटले.

"मग समोर जाऊन बसा," माया नवऱ्याला म्हणाली.

इंद्रजित उठला. पण समोर बसला नाही, भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा राहिला, आणि एकेका खुर्चीकडे बघायला लागला. ते बघणं मायाला चांगलं ठाऊक होतं. कुणाला घरकुल दिलं, कुणाचा नळ जोडून दिला, कुणाच्या पोराला नोकरीला चिकटवलं, ते सगळं त्या बघण्यात होतं.

"पोरास्नी मत न्हाई, हे मला मान्य हाय. कायदा हाय तसा," माया म्हणाली. तिने दोन्ही तळवे टेबलावर दाबून धरले. "पर त्वांड उघडू नगा, असं कुठं लिवलेलं न्हाई. एसटीचा ठराव मी मांडते. ज्यांस्नी मंजूर हाय, त्यांनी हात वर करा."

पहिला हात नानासोंचा. मग बायकांतून हरणाबाईचा, तिची नात याच वर्षी अकरावीला गेली होती. मग एक, मग आणखी एक. काही बायांनी हात अर्धा उचलला, नवऱ्यांकडे पाहिलं आणि पदर सारखा केल्यासारखं करून खाली घेतला. माया सासूकडे बघत राहिली. धोंडुबाईंनी दोन्ही हात मांडीत घट्ट धरले होते, आणि त्या बघत होत्या दिग्विजयकडे, पोटच्या पोराकडे. पुरुषांच्या बाजूला भिंतीजवळच्या त्या नजरेपुढं फारसं कुणी धजलं नाही.

दारात मात्र सगळेच्या सगळे हात वर होते. पायरीवरचे, रस्त्यावरचे, कुंपणावर चढलेल्यांचेही. माया तिकडे बघत राहिली.

"ते धरता येणार नाहीत, मॅडम," भाऊसाहेब हळूच म्हणाले.

"ठावं हाय मला!" माया कडाडली.

ठराव पडला. लालासाहेबांनी टाळी वाजवली. पण एकट्याचीच वाजलेली बघून हात आवरता घेतला.

"आता दुसरं," माया म्हणाली. "भाऊसाहेब, गावात बालविवाह थांबवायची जबाबदारी कायद्यानं कुणाची?"

"माझी," ते म्हणाले. चेहरा उतरलेला.

"मग त्याला हात वर करावं लागत न्हाईत न्हवं? सभा उठली की तुमी आन मी रेणूच्या घरी जायचं. चहाला न्हवं. लेखी समज द्यायला." ती नवऱ्याकडे वळली. "आन ज्यानं ही सोयरीक जुळवली, त्याला बी द्या."

रेणूच्या बापाला लेखी समज देऊन माया घरी आली. तिथं जे झालं ते वाड्यावस्त्यांवर ऐकू गेलं. इंद्रजितने राजीनाम्याची भाषा केली. उद्याच्या उद्या सही करून दे म्हणाला. माया भाकऱ्या थापत होती. थापता थापताच म्हणाली, "अर्ज तुमी भरलासा. निवडून मी आलेय. न्हाई देत." धोंडुबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. दिग्विजय जेवायला आला नाही, गाडीतच बसून राहिला. आणि सोनिया, जी जिंकायला पाहिजे होती पण हरली होती, ती नानासोंच्या खाटेवर पाय दुमडून बसली आणि पहिल्यांदा रडली.

"नाना, उपेग काय झाला? त्यांनी आमाला मोजलंच न्हाई."

"मोजायची जागा एकच असती का?" नानासो म्हणाले.

सकाळी माया शेणकाला करून हात धुते तोवर रस्त्यावर गलका ऐकू आला. बाहेर येऊन बघते तर देवळापुढं दिग्विजयची जीप इंजिन चालू ठेवून उभी, दारं सताड उघडी, आणि पोरं तिला वळसा घालून पुढं चाललेली. एकही आत चढेना. पाठीला दप्तरं, हातात चपला, कारण रात्रीच्या भुरभुरीने मातीचा रस्ता निसरडा झालेला. पोरी मधे, पोरं दोन्ही कडांना. फाटा चांगला दोन कोस लांब होता. मोठ्या रस्त्यानं जाणारी एसटी तिथं थांबायची.

मायाने पदर खोचला आणि त्यांच्यात जाऊन मिळाली. शिवतेजने तिला मधे वाट करून दिली.

रेणूच्या घरापाशी घोळका थांबला. बाप दारात उभा होता. आत बायकांचे चढलेले आवाज येत होते. मग रेणू बाहेर आली, गणवेशात, केस अजून ओले. बापाने तिला अडवलं नाही, जा असंही म्हणाला नाही. तो नुसता बाजूला झाला. सोनियाने तिचं दप्तर घेतलं आणि घोळका पुढं निघाला.

फाट्यावर एसटी आली तेव्हा कंडक्टर पायरीवरून खाली उतरून बघायला लागला. "आरं, एवढी पोरं कुठली? या फाट्याला तर कुणी नसतं!"

"चिंचमाळची," माया म्हणाली. "मी तिथली सरपंच. उद्या बी येणार, परवा बी येणार. किती चढली ते डेपोत सांगा, साहेब. आन मी बी येते सांगायला."

पोरं चेपून चढली. गाडी निघून गेली. मागच्या काचेतून एक हात हलला. सोनियाचा की रेणूचा, ते कळलं नाही.

माया वळली तर पलीकडे दिग्विजयची जीप उभी होती. रिकामी. तो सगळा रस्ता घोळक्यामागून हळूहळू येत राहिला असावा. खाली उतरून तो तिच्याजवळ आला. डोळे रात्रभर न झोपलेले.

"वयनी, नाव कळलं मला त्या मानसाचं. सकाळी सोनियाला इचारलं." त्याने मान खाली घातली. "रोज माझ्याशी राम राम करून गाडीत बसायचा."

मायाने खोचलेला पदर सोडला.

"पर पोरीनं आधी मला का न्हाई सांगितलं? सरळ सभेत गेली. मी बाप हाय तिचा."

"सांगितलं असतं, तर काय केलं असतंसा?"

दिग्विजयने तोंड उघडलं. मारलं असतं त्याला, असं काहीतरी ओठावर आलेलं मायाला दिसलं. पण ते बाहेर आलं नाही. तो एसटी गेली त्या रस्त्याकडे वळला.

"कॉलेज बंद केलं असतं तिचं," तो म्हणाला.

मायाने मान हलवली. मग तो जीपकडे गेला आणि त्याने पुढचं दार तिच्यासाठी उघडून धरलं. ते तसंच राहू देऊन ती चिखलातून गावाकडे चालू लागली.